लाकडं फोडायचं यंत्र घ्यायचं, पण बटण कोण दाबणार?

प्रश्न

दक्षिण रत्नागिरीतल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. घरात सहा माणसं, शिवाय मागच्या बाजूच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी. आंघोळीचं पाणी वर्षभर पाणचुलीवर तापतं आणि पावसाळ्यात मोठी भांडीही चुलीवरच चढतात. वर्षाला छोट्या टेम्पोच्या तीन खेपा लाकूड लागतं. त्यात कुंपणाची आकेशिया, म्हातारी झालेली काजू आणि एखादा वादळात पडलेला आंबा असतो. आजवर ७२ वर्षांचे सासरे (घरात सगळे त्यांना आबा म्हणतात) एका गड्याला हाताशी घेऊन फोडणी करायचे. गेल्या मार्चमध्ये कुऱ्हाड गाठीवरून निसटली आणि आबांच्या नडगीला सहा टाके पडले. गडी आता मिळत नाही. मिळाला तर ८०० रुपये रोज, तोही त्याच्या सवडीनं. मुंबईच्या भावजींनी ऑनलाइन इलेक्ट्रिक लॉग स्प्लिटर पाहून ठेवला आहे. ५ टनी, म्हणजे ५ टन जोराचा, ३४ हजारांना, ७ टनी ४२ हजारांना. नवरा म्हणतो, घ्यायचंच तर मोठं घेऊ. आबा म्हणतात, ‘यंत्र आणलंत तर मी लाकडाला हात लावणार नाही.’ ताई विचारतात, ५ टन घ्यावं की ७ टन? पत्राच्या अगदी तळाशी, वेगळ्या शाईनं, एक ओळ आहे: ‘यंत्र आलं की ते मीच चालवणार, हे मात्र कोणी बोलत नाही.’

उत्तर

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात उत्तर सोपं वाटलं. तुमच्या लाकडाला ५ टन पुष्कळ झाले, वाचलेले ८ हजार वायरिंगला लावा, झालं. दुसऱ्यांदा वाचताना त्या तळच्या ओळीशी अडलो. टनांचं नंतर बघू, आधी तिचं बघू.

मी शाळेत होतो तेव्हा आमच्या विहिरीवर लाट, म्हणजे पाणी उपसायचा लांब वासा, होती. लाटेनं पाणी काढणं हे गड्याचं काम. त्याला रोज मिळे, दुपारची पेज मिळे आणि पाऊस लागला की सुट्टी मिळे. पुढे पंप बसला. ‘आता काय, नुसतं बटण दाबायचं’ असं म्हणत ते काम आईकडे आलं. बटण दाबायचं, मग माडापोफळींच्या आळ्यांतून पाणी फिरवायचं, फूटव्हॉल्व्हमध्ये पाला अडकला की कोणाच्या तरी विनवण्या करून तो काढून घ्यायचा, दिवसा वीज नसली तर रात्री उठून पंप लावायचा. गड्याचा रोज वाचला याचा हिशोब वडिलांकडे होता. ते काम आईच्या दिवसात कुठे जाऊन बसलं, याचा कोणाकडेच नव्हता.

कुऱ्हाड आबांच्या हातात होती तोवर लाकडं फोडणं हे मोठं काम होतं. मार्च आला की सगळ्या घराला ते दिसायचं. बटण आलं की तेच काम जाता जाता करायचं होतं. आणि जाता जाता करायची कामं घरात कोणाच्या वाट्याला येतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून आधी हे काम मुळात आहे तरी केवढं, ते मोजू. साधारण ८ इंच जाडीचा आणि २० इंच लांबीचा ओंडका १२ ते १४ किलो भरतो. तुमच्या तीन खेपा मिळून २ टनांच्या आसपास लाकूड असेल असं धरतो. म्हणजे दीडशे ओंडके झाले. यंत्रावर एका ओंडक्याचे चार तुकडे करायला, उचलणं-ठेवणं धरून, दोन मिनिटं लागतात. दीडशे दुणे तीनशे मिनिटं, म्हणजे पाच तास.

वर्षाचे पाच तास, ताई. गाठी निघतील, कोणी चहा आणेल, लाइट जाईल, तर आठ तास धरा. दोन-तीन सकाळी. वीज म्हणाल, तर २,२०० वॉटचं यंत्र सलग पाच तास पूर्ण जोरानं चाललं तरी ११ युनिटं होतात, आणि इतका वेळ ते पूर्ण जोरानं चालतही नाही.

या आकड्याचे दोन अर्थ निघतात. एक सुखाचा आहे. हे काम रोजचं करण्याचं काही कारणच नाही. शिमग्याच्या आधीचा किंवा नंतरचा आठवडा ठरवा, यंत्र बाहेर काढा, सगळं लाकूड फोडून रचून टाका आणि यंत्र पुसून परत मांगरात ठेवा. भावजी शिमग्याला येतातच. ज्यांनी यंत्र पसंत केलं त्यांनी निदान पहिल्या वर्षी त्याच्यासमोर दोन सकाळी उभं राहावं, यात मला काही गैर दिसत नाही. तुमच्या यजमानांचा एक रविवार त्यात घाला. तुम्हाला आवड असेल तर तुम्हीही चालवा, मजा येते, खरंच. पण यंत्र पाणचुलीच्या शेजारी कायमचं मांडून ठेवू नका. तसं केलंत की घरातलं कोणी ना कोणी म्हणणार, ‘लागेल तसं फोडता येईल की.’ मग रोज सकाळी सहा वाजता पाहुण्यांच्या आंघोळीआधी चार ओंडके फोडत तुम्हीच उभ्या.

दुसरा अर्थ जरा टोचणारा आहे. पैशाच्या हिशोबानं हे यंत्र परवडत नाही. गड्याचे चार दिवस धरले तर ३,२०० रुपये. त्यावर चहा-जेवण. ३४ हजार वसूल व्हायला दहा वर्षं लागतील, आणि इतक्या वर्षांत यंत्राचे ऑइल सील दोनदा तरी बदलावे लागतील. तेव्हा भावजींनी ‘मजुरी वाचेल’ म्हणून ते घेऊ नये. गडी मिळत नाही म्हणून घ्यावं, आबांच्या नडगीसाठी घ्यावं. ही कारणं माझ्या मते पुरेशी आहेत, फक्त ती मोकळेपणानं बोलून घ्या. आणि वर्षाचे पाचच तास लागणार असतील तर वाडीतली आणखी दोन घरं सोबत घेता येतात का, ते विचारून बघा. यंत्राला चाकं असतात, वजन ५० किलोच्या आसपास असतं. तीन घरांत मिळून घेतलेली भातमळणीची यंत्रं आपल्याकडे चालतात, तसं हेही चालेल. वायसर पडलं तर दुरुस्ती कोणी करायची, एवढं मात्र आधी ठरवा. मागाहून ठरवायला गेलात तर वाडीत दोन तट पडतील.

आता यंत्राकडे वळतो. पत्रात तुम्ही चार वेळा टन लिहिलं आहे, लांबी एकदाही नाही. आणि अडणार तिथेच.

बाजारात घरगुती म्हणून मिळणारी ही आडवी यंत्रं साधारण १,५०० ते २,२०० वॉटची असतात. एका लोखंडी पाळण्यात ओंडका आडवा ठेवायचा. मागून दट्ट्या त्याला ढकलतो आणि पुढे घट्ट बसवलेल्या पाचरीवर तो फाटतो. ५ टनी असो की ७ टनी, या पाळण्यात बहुधा ५२ सेंटीमीटरपर्यंतचा ओंडका मावतो. काहींत तर ३७ सेंटीमीटरचाच. ५२ म्हणजे वीस-साडेवीस इंच. आपल्याकडे टेम्पोतून येणारं लाकूड केवढं असतं? तीन फूट, चार फूट. आबा ते तसंच उभं चिरतात आणि लांबच्या लांब चिरफाळ्या पाणचुलीत सारतात. जळेल तसं पुढे ढकलायचं, ही आपली रीत. यंत्राला हे चालत नाही. प्रत्येक लाकडाचे आधी दोन-तीन तुकडे पाडावे लागतील, आणि ते हातकरवतीनं पाडायचे म्हणजे फोडण्याच्या दुप्पट कष्ट. यंत्र आणल्यावर चौथ्या दिवशी ते कोपऱ्यात गेलेलं मी दोन घरांत पाहिलं आहे. दोन्हीकडे कारण हेच होतं. ७ टन जोर असलेलं यंत्र तीन फुटांच्या आकेशियापुढे नुसतं बसून होतं.

यावर उपाय सोपा आहे, पण तो झाड पाडतानाच करावा लागतो. कटरवाला आला की त्याला सांगा, ‘अठरा इंचावर काप.’ तो कुरकुर करेल आणि थोडे जास्त पैसे मागेल. ते द्या. पेट्रोलच्या कटरनं ते काम तासाभराचं आहे. (झाड स्वतःच्या कुंपणातलं असलं तरी आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ अशांना १९६४च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. आकेशियाबद्दल एकदा वनखात्याच्या माणसाला विचारून घ्या, म्हणजे टेम्पो रस्त्यात अडणार नाही.)

आणि चूल? अठरा इंची लाकूड पाणचुलीत पूर्ण आत जातं, म्हणजे दर अर्ध्या तासानं नवं घालायला कोणीतरी हवं. लांब लाकूड एकदा सारलं की तासभर बघावं लागत नव्हतं. ही सोय जाणार आहे, हे आधीच धरून चाला. उलट बाजूही आहे. आखूड आणि बारीक चिरलेलं लाकूड चुलीच्या बाहेर डोकावत नाही, धूर कमी होतो आणि वाळतं फार चांगलं. ओल्या लाकडात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचं असतं. त्या पाण्याची वाफ करण्यातच बरीच उष्णता जाते आणि तुमच्या हंड्यापर्यंत उरलेलीच पोहोचते. मार्चमध्ये फोडलेलं, मनगटाएवढ्या जाडीचं लाकूड एप्रिल-मेच्या उन्हात चांगलं सुकतं. मेच्या शेवटी फोडलेलं सुकत नाही. ते मृगात तसंच ओलसर आत जातं आणि श्रावणात डोळे लाल करतं. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा. वाळलेलं टणटण वाजतं, ओलं धप्प करतं. यंत्राचा खरा फायदा मला विचाराल तर हा आहे. फोडणी वेळेत उरकते, गड्याची वाट बघत मे उजाडत नाही. लाकूड नीट वाळलं तर तीन खेपांच्या अडीच होतील.

तर आता टन. हा आकडा येतो तरी कुठून? दट्ट्याच्या नळीचं क्षेत्रफळ गुणिले तेलाचा दाब. ६० मिलिमीटर व्यासाची नळी असेल तर क्षेत्रफळ २८ चौरस सेंटीमीटर. दाब २५० बार असेल तर दर चौरस सेंटीमीटरला साधारण २५० किलो. गुणाकार ७ हजार किलो, म्हणजे ७ टन. विकणाऱ्याला हे दोन आकडे विचारा. सांगता आले तर बरं. नाही सांगता आले, तर खोक्यावरच्या टनांवर फार विश्वास ठेवू नका.

सरळ वाढलेली आकेशिया ८ इंचांपर्यंत असेल तर ५ टन तिला आरामात फाडतात, विशेषतः ताजी असताना. काजू वेगळी. ती वाकडीतिकडी, गाठाळ, फांद्यांच्या सांध्यात रेषा गुंतलेली. तिथे ७ टनी थोडं पुढे जाईल, पण थोडंच. खऱ्या गाठीपुढे दोन्ही यंत्रं थांबतात. तेव्हा ५ सेकंदांहून जास्त रेटू नका. दट्ट्या मागे घ्या, ओंडका चतकोर फिरवा, परत लावा. तरी फाटला नाही तर बाजूला टाका. गाठाळ ओंडके न फोडता तसेच ठेवा. रात्री पाणचुलीत एक सारला की सकाळपर्यंत निखारा राहतो. आणि उरलेले शिमग्याच्या होमात जातात, त्यांची तिथे कोणी तक्रार करत नाही.

म्हणजे माझं मत ५ टनांकडे. ८ हजार वाचतात आणि पुढचा खर्च तिथे घालायचा आहे.

मी आयटीआयमध्ये वायरिंग शिकवत निवृत्त झालो, म्हणून इथे जरा रेंगाळतो. तुमच्या अंगणात व्होल्टेज किती येतं? संध्याकाळी सातला, शेजारच्यांचे पंप चालू असताना? वायरमनकडून मल्टिमीटर मागून घ्या आणि जिथे यंत्र लावणार त्याच सॉकेटवर बघा. अशा मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३०चे १८० झाले तर व्होल्टेज सुमारे वीस टक्क्यांनी पडतं, जोर मात्र जवळजवळ चाळीस टक्क्यांनी जातो. मोटर गुरगुरत राहते, दट्ट्या अडतो, वाइंडिंग तापतं. वर्षभरात जळालेल्या मोटरी घेऊन येणाऱ्यांतले निम्मे म्हणतात, ‘माल खराब निघाला.’ मालात काही नसतं, तारेत असतं. सकाळी व्होल्टेज चांगलं असेल तर काम सकाळीच करा. दिवसभर १९०च्या खालीच असेल तर यंत्र मागवूच नका, आधी वीज कंपनीकडे तक्रार नोंदवा.

२,२०० वॉट म्हणजे साधारण १० अँपिअर. चालू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. पंख्या-दिव्याच्या ६ अँपिअरच्या पिनेवर ते लावायचं नाही. १६ अँपिअरचं सॉकेट, ३० मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर आणि खरंच काम करणारं अर्थिंग, हे तिन्ही हवं. घरच्या इन्व्हर्टरवर हे यंत्र चालत नाही, प्रयत्नही करू नका. घरापासून अंगणापर्यंत ३० मीटर वायर ओढायची असेल तर ती २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या.

मी स्वतः काय केलं ते सांगतो, हसू नका. पहिल्यांदा असं यंत्र चार दिवसांसाठी मागून आणलं तेव्हा घरात होती ती १ चौरस मिलिमीटरची एक्स्टेन्शन लावली. वीस वर्षं पोरांना शिकवलेलं, ‘रिळावर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडा.’ घाई होती, उलगडली नाही. अर्ध्या तासानं रबर तापल्याचा वास आला. रीळ हातात घेतलं तर वेटोळी एकमेकांना चिकटून वडी झालेली. यंत्र वाचलं ते केवळ घरच्यांनी स्वयंपाकघरातून ‘काहीतरी जळतंय’ म्हणून ओरडून सांगितलं म्हणून.

दुसरी एक चूक सगळेच करतात. या यंत्राच्या तेलाच्या टाकीवर एक लहानसा स्क्रू असतो, हवा सोडायचा. वाहतुकीत तेल सांडू नये म्हणून तो आवळून पाठवतात. काम सुरू करण्याआधी तो दोन-तीन आटे सैल करायचा असतो. तो आवळलेलाच राहिला तर हवा आत कोंडते आणि दाबाखाली सील फाटतं. पहिल्याच दिवशी तेलाचा फवारा उडाला असं जेव्हा ऐकायला येतं, तेव्हा दहापैकी नऊ वेळा हेच झालेलं असतं. त्या स्क्रूला लाल रंगाचा ठिपका लावून ठेवा. काम संपलं, यंत्र हलवायचं, की परत आवळायचा.

चालवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले हवेत, एका हातात बटण, दुसऱ्यात खटका. कोणताही एक हात सुटला की दट्ट्या थांबतो, ही यंत्राची रचनाच आहे. हुशारी करून खटका सुतळीनं बांधणारे भेटतात. त्यांना यंत्राजवळ उभं करू नका, मग ते भावजी असले तरी. आणि एकानं ओंडका धरायचा, दुसऱ्यानं बटण दाबायचं, असं कधीही नाही. बोटं जातात ती याच जोडीनं काम करताना. एक माणूस यंत्रावर, दुसरा चार हात लांब रचायला. पाळणा जमिनीपासून जेमतेम घोट्याच्या वर असतो, त्यामुळे वाकून वाकून कंबर जाते. जांभ्याच्या चिऱ्यांचे दोन थर लावून ओटा करा, यंत्र त्यावर पक्कं बसवा. हा खर्च किरकोळ, पण सगळ्यांत उपयोगाचा. लाकडाच्या जुन्या राशीत हात घालण्याआधी काठीनं ढवळा, हे तुम्हाला नवं नाही. फुरसं आणि विंचू दोघांनाही लाकडाची रास आवडते, आणि यंत्र आल्यावर आपल्या हालचाली जलद होतात, डोळे मात्र तेवढेच राहतात.

भावजींच्या मोबाइलवर आणखी एक प्रकार येईल. मोटरच्या टोकाला आटे पाडलेला फिरता शंकू, ओंडका त्यावर टेकवला की स्क्रूसारखा आत शिरून फाडतो. स्वस्त असतो, व्हिडिओत फार छान दिसतो. घेऊ नका. तो शंकू उघडा फिरत असतो. पदर, ओढणी, सैल बाही किंवा हातमोज्याचा एक धागा लागला की तो माणसाला ओढून घेतो, आणि थांबवायला खटका हाताशी नसतो. साडी नेसून काम करणाऱ्या घरात तर त्याचं नावही काढू नये.

यंत्राशिवायचा रस्ताही आहे, तो न सांगणं बरोबर होणार नाही. आबांची कुऱ्हाड कोणती? बहुतेक झाड तोडायची, पातळ पात्याची. ती लाकडात रुतते किंवा गाठीवरून घसरते, फाडत नाही. फोडायला जाड पाठीची, पाचरीसारख्या तोंडाची, तीन-साडेतीन किलोची कुऱ्हाड लागते. चांगला लोहार ती बनवून देतो. तिला फार धारही लागत नाही. ठोकळा गुडघ्याहून खाली असावा आणि ओंडका ठोकळ्याच्या पलीकडच्या कडेला ठेवावा, म्हणजे घाव चुकला तरी कुऱ्हाड ठोकळ्यात रुतते, नडगीत नाही. ठोकळ्यावर गाडीचा जुना टायर ठोकून त्यात ओंडके उभे केले तर फोडलेले तुकडे उडत नाहीत, वाकून गोळा करावे लागत नाहीत. आणि पेटवणाच्या बारीक ढलप्यांसाठी न्यूझीलंडमधल्या आयला हचिन्सन या तेरा वर्षांच्या मुलीनं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एक युक्ती मांडली होती. तिच्या आईचं बोट ढलप्या काढताना कापलं होतं. लोखंडी कड्याच्या आत पातं उभं, धार वर. लाकूड त्यावर ठेवायचं आणि वरून हातोडी मारायची. हलतं पातं नाहीच, त्यामुळे चुकायचा प्रश्न कमी. हे आता जगभर विकलं जातं. तुमचा लोहार चित्र बघून करू शकेल. रोज सकाळी पेटवणाला तुम्हाला यंत्रापेक्षा याचाच उपयोग जास्त होईल.

एवढ्यावर २ टन लाकूड निघेल का? तरुण हात असतील तर निघेल. ७२ वर्षांच्या खांद्यांनी ते काढावं असं मी म्हणणार नाही.

आता आबा. ‘यंत्र आणलंत तर मी लाकडाला हात लावणार नाही’ हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी यंत्राविरुद्ध घेतलं आहे. मला ते ‘आणलंत’ या शब्दावर जोर देऊन वाचावंसं वाटलं. मुंबईत पसंत झालं, किंमत ठरली, मोठं की लहान यावर नवऱ्याचं मत झालं, तुम्ही मला पत्रही लिहिलंत. चाळीस-पन्नास वर्षं ज्यांनी ती लाकडं फोडली त्यांना कोणी काही विचारलं का? पत्रात तरी दिसलं नाही. कदाचित माझं चुकत असेल, कदाचित त्यांना खरोखर यंत्राचा आवाज नकोसा असेल. एकदा विचारून बघा. टाक्यांचा विषय मात्र काढू नका. तो आधीच खूपदा निघाला असणार.

आणि विचारताना खोटं विचारू नका, कारण त्यांची गरज खरी आहे. ओंडका कोणत्या टोकानं पाचरीवर लावला की फाटेल, रेषा कुठे वळली आहे, काजूचा कोणता तुकडा मुळातच बाजूला टाकायचा, हे ७ टनांना कळत नाही. ते ओंडक्याचं तोंड बघून ज्याला कळतं त्याच्या हाताखाली ५ टनी यंत्र चांगलं चालतं. त्यांनी यंत्राला हात लावला नाही तरी चालेल. शेजारी खुर्ची टाकून ‘तो नको, तो फिरव’ एवढं म्हणाले तरी तुमचे दोन तास वाचतील.

सौर हीटरबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी एकच सांगतो. नोव्हेंबर ते मे छतावरचा सौर हीटर पाहुण्यांच्या आंघोळीचा बराच भार उचलेल. तेव्हा लाकूड मुळात तीन खेपा लागणार की दोन, हेही यंत्राच्या आधी ठरवा. पावसाळ्यात मात्र पाणचुलीला पर्याय नाही, निदान आपल्याकडच्या पावसात तरी.

या रविवारी एवढंच करा. यंत्र मागवू नका. सकाळी आणि संध्याकाळी व्होल्टेज बघून कागदावर लिहा. टेम्पोतून आलेल्या लाकडांपैकी वीसेक ओंडक्यांची जाडी मोजा. आणि पाणचूल थंड असताना एक सरळ काठी तिच्या तोंडातून आत मागच्या भिंतीला टेकेपर्यंत घाला. तोंडाशी काठीवर कोयत्यानं खाच पाडा. कटरवाल्याला लाकूड किती लांबीचं कापायला सांगायचं ते त्या खाचेवरून ठरेल, फक्त २० इंचांच्या वर जाऊ देऊ नका. काठी आबांकडे द्या. कटरवाला त्यांचं ऐकतो.